दगडूमामांचा उघडा ‘व’

मंगळवार, संध्याकाळ. भूगाव.

रिहे गावाहून आल्यापासून तो ‘व’ डोळ्यांसमोरून हलत नाही.

तिथल्या पिठाच्या गिरणीवरची पाटी दगडूमामा पेंटरांनी रंगवलेली. कंपासने काढल्यासारखी गोल अक्षरं, फक्त ‘व’चं वाटोळं किंचित उघडं, कारण ते तिथेच ब्रश उचलायचे. त्यांना विचारूनच मी त्या पाटीवरून फॉन्ट केला. ती फटही ठेवली. मग कॅफेचा मेनू, बिल्डरांची होर्डिंगं, लग्नाचे फ्लेक्स... जुन्या थाटाचं अक्षर म्हणून सगळ्यांनी उचललं. मिरवत होते मी!

परवा मामा गेले. आज मी मामींना भेटायला गेले, तर दारातच फ्लेक्स. मामांचा फोटो, आणि खाली माझ्याच फॉन्टमध्ये ‘भावपूर्ण श्रद्धांजली’. ‘व’ उघडाच. फ्लेक्सवाल्याला काय माहीत? त्याला आवडला, त्याने वापरला. मग मला का असं होतंय?

मामींना वाचता येत नाही. तरी माझा हात धरून त्या फ्लेक्सपाशी आल्या, त्या ‘व’च्या फटीवर बोट ठेवलं आणि हळूच म्हणाल्या,

“ह्यांचंच अक्षर हाय हे. सोताचं कवा लिवून ठिवलं गं ह्यांनी?”