आपल्या पाच मुठी

रविवार, ८ नोव्हेंबर

प्रिय भाऊजी,

तुम्हाला, धाकटीला आणि दोन्ही मुलींना आशीर्वाद. धाकट्या दिराला आधी आशीर्वाद द्यायचे आणि मग त्याचा कान धरायचा, हा माझा जुना हक्क आहे. तो मी सोडणार नाही.

तुमचं खोकं पोचलं. पोस्टमनने ते पोटाशी धरून वर आणलं आणि विचारलं, "बाई, यात पुस्तकं असतील तर ती खळखळतात कशी?" मी म्हटलं, "ओली पुस्तकं आहेत." तो जिना उतरेपर्यंत हसत होता. एकही बाटली फुटलेली नाही. तुम्ही प्रत्येक बाटलीला जुने मोजे चढवले होते, ते धुऊन वाळत घातले आहेत. एकाचा जोडीदार सापडत नाही, तुमच्याकडे राहिला का बघा.

बाकी ठीक. स्वयंपाकघरातला नळ शेवटी गळायचा थांबला. गुडघा बरा आहे, जिना चढताना कुरकुरतो, पण या वयात कोण कुरकुरत नाही? वाचनालयातून दीपगृहं कशी बांधली यावरचं एक जाडजूड पुस्तक आणलंय. समुद्र मी फार पाहिलेला नाही, पण पाण्याचा मार खाऊन भिंत उभी कशी राहते, ते वाचायला मला आवडतं.

एक विचारायचं होतं. तुमच्या हातमोज्यांचं माप काय? ह्यांचं मला पाठ होतं. दुकानात जे सगळ्यात मोठे असतील ते. तुमचंही तेच असणार. का विचारते ते पुढे कळेल. विणायला घेतलेले नाहीत, उगाच आशा धरू नका.

आता तुमच्या चिठ्ठीबद्दल. "वहिनी, दादाची लाल बिअर मला जमत नाही. वजनं तीच, पाणी तेच, यीस्ट तेच, तरी जमत नाही. माणसं ग्लास अर्धा ठेवून उठतात. या महिन्यात एक शेवटची करतो आणि मग लाल बंद." एवढंच लिहिलंत. ती चिठ्ठी मी कणकेच्या डब्यावर ठेवली आणि दिवसभर तिच्याभोवती फिरत राहिले.

तुम्ही दर वेळी बाटल्या पाठवल्यात. त्या उघडल्या का, असं एकदाही विचारलं नाहीत. त्या सगळ्या बुटांच्या कपाटात आहेत, एकीचंही झाकण काढलेलं नव्हतं, आणि हे तुम्हाला ठाऊक होतं. दुसरा कोणी असता तर म्हणाला असता, वहिनी, निदान एक घोट तरी घ्या. तुम्ही नुसते पुढच्या वेळी परत पाठवत राहिलात. त्याबद्दल तुमचे आभार कसे मानायचे ते मला या दोन वर्षांत सुचलेलं नाही, म्हणून आज सरळच लिहिते. आभारी आहे.

पण शेवटची म्हटल्यावर मात्र हात कपाटाकडे गेला.

एकटीने उघडायचं धाडस झालं नाही. खालच्या शिंपीणबाईला हाक मारली. तिला सगळे टाचणी म्हणतात, कारण तोंडात कायम टाचण्या असतात आणि त्या काढल्या की जे बाहेर पडतं ते टाचण्यांपेक्षा टोकदार असतं. मी दोन लहान ग्लास मांडले. ती म्हणाली, "एवढ्याशा ग्लासात? माझ्या मशीनला याहून जास्त तेल लागतं."

"चव घ्यायची आहे, पोट भरायचं नाही," मी म्हटलं.

"मग बोलावलंत कशाला? चव घ्यायला तुमची जीभ पुरे."

ह्यांनी मला शिकवलं होतं तसंच सगळं केलं. आधी बघ, मग हुंग, मग पी, आणि मग गप्प बस. लोक पहिली तीन कामं करतात आणि चौथ्याला कंटाळतात, असं ते म्हणायचे. घोट गिळल्यावर जिभेच्या मुळाशी जे उरतं ते ऐकायला गप्प बसावं लागतं. आमचं लग्न त्या चौथ्या कामावरच टिकलं, असंही ते पाहुण्यांना सांगायचे. पाहुणे हसायचे, आणि मी टेबलाखालून पाय मारायचे.

ग्लास खिडकीशी धरला. ह्यांची लाल उजेडात धरली की डाळिंबाच्या दाण्यासारखी दिसायची. मी धरली ती फार उकळलेल्या चहासारखी होती. कडेला कुठेतरी लाल होती, पण शोधावी लागत होती. फेस मात्र सुरेख, पांघरुणासारखा घट्ट. फेसात तुम्ही कुठेही कमी नाही. हुंगली. पहिल्यांदा पावाचं कवच आलं, त्यामागून साखरेचा पाक तांबूस होताना येतो तो गोड वास, आणि भाऊजी, तिथे माझे डोळे भरले, कारण तो वास ह्यांच्या सदऱ्याचा आहे. एवढं सगळं तुमच्या हातून बरोबर आलं होतं. मग त्यावर झाकण पडावं तसं काहीतरी काळं पडलं.

टाचणी नाक ग्लासात घालून म्हणाली, "सांगू? साहेबाची पँट आणि इस्त्री जरा जास्त वेळ टेकली, की येतो ना, तो वास."

मी घोट घेतला. आधी गोड, मग संत्र्याच्या सालीइतकं बारीक कडू, आणि शेवटी जिथे जीभ स्वच्छ कोरडी व्हायला हवी तिथे राख. मी गप्प बसले. टाचणीही चक्क गप्प बसली. मग कपाटातली सगळ्यात जुनी बाटली काढून तीही उघडली. ती शिळी झाली होती, भिजलेल्या पुठ्ठ्यासारखी. लाल ठेवून सुधारत नाही, ताजी असताना प्यायची असते, हे मला माहीत असूनही मी ठेवली होती. पण त्या पुठ्ठ्याखालीही तीच राख होती. म्हणजे पहिल्या खेपेपासून.

लेबलासाठी ह्यांनी मला एक शब्द मागितला होता, आठवतं? मी शब्दकोश घेऊन बसले होते, आणि शेवटी शब्द स्वयंपाकघरातच सापडला. खरपूस. तुमची लाल खरपूस नाही, भाऊजी. करपट आहे. तुम्हाला खोटं सांगायचं असतं तर पत्र लिहिलं नसतं, फोनवर "छान आहे" म्हटलं असतं.

पण असं का, ते मला रात्रभर कळलं नाही. दुसऱ्या दिवशी भाताला तांदूळ काढताना कळलं.

मी तांदूळ मुठीने घेते. मागे एकदा मी तापाने पडले होते, तेव्हा ह्यांनी भात लावला. मी पलंगावरून सांगितलं, चार मुठी. त्यांनी त्यांच्या चार मुठी घातल्या. भात झाकण उचलून पातेल्याबाहेर आला, शेगडीवर सांडला, आणि मी ताप विसरून ओरडले, "अहो, तुमची मूठ आहे की फावडं?" तुम्हा दोघा भावांचे पंजे सारखेच. तांदळात हात घातलेला तसाच ठेवून मी उभी राहिले.

आता ती दवाखान्यातली दुपार आठवा. तुम्ही छापखान्यातली नोकरी सोडून आला होतात, पलंगाशी स्टूल ओढून बसला होतात. मी खिडकीत संत्रं सोलत होते. हे तुम्हाला लालचं सगळं सांगत होते. धान्याची वजनं, पाणी किती गरम, हॉप्सची कडू फुलं कधी. आणि शेवटी म्हणाले, "सगळं काट्यावर घे. फक्त ती काळी भाजकी बार्ली काट्यावर नको. तिथे आपल्या पाच मुठी."

तुम्ही मान डोलावलीत. मीही डोलावली. आपल्या म्हणजे तुम्ही समजलात स्वतःच्या. तुमचा पंजा दादासारखाच, मग शंका यायचं कारणच नाही. आणि मी समजले आपल्या म्हणजे ज्या नेहमी पडायच्या त्या. आपली भाषा कधीकधी इतकी प्रेमळ असते की त्यात कोणाचं काय ते कळत नाही.

भाऊजी, त्या मुठी त्यांच्या नव्हत्या. माझ्या होत्या.

काळी बार्ली सगळ्यात शेवटी पडते. तोवर पिंपातलं धान्य फुगून जड झालेलं असतं, आणि ह्यांचे दोन्ही हात ढवळायच्या वल्ह्यावर असत. वल्हं सोडलं की तळाला गोळे होतात. म्हणून ते ओरडायचे, "टाक!" आणि मी टाकायचे. तुम्ही तेव्हा तिथे कामाला नव्हतात, तुम्हाला कसं दिसणार? तुमच्या पाच म्हणजे माझ्या आठ-नऊ. तेवढ्याने लालची काळी होते. चूक तुमच्या हातात नाही, हाताच्या मापात आहे. तुम्ही दोन वर्षं स्वतःला बोल लावलात, तो परत घ्या.

उद्या काट्यावर माझ्या पाच मुठी मोजते आणि आकडा या पत्रात लिहून पाठवते. मग तुमचं काम झालं.


सोमवार, सकाळ

वाण्याकडून अख्खे जव, म्हणजे साधी बार्लीच, आणले. भाजलेले मिळाले नाहीत, पण अंदाजाला चालतील. टाचणीसमोरच काट्यावर पाच मुठी टाकल्या. तिने विचारलं, "हे काय चाललंय?" मी सांगितलं. ती टाचण्या तोंडातून काढून म्हणाली, "आकडा पाठवलात की दिरांचं काम होईल. तुमचं काय होईल?"

"माझं काय व्हायचंय?"

"तेच विचारते. दीर तुमच्यापासून बसने तासाभरावर. बाटल्या पोस्टाने येतात, पत्रं पोस्टाने जातात. तुम्ही काय पोस्टात राहता?"

मी तिला चहा दिला आणि विषय बदलला. पण ती गेल्यावर पेन हातात घेतलं आणि आकडा लिहवेना.

खरं सांगते. ह्यांच्यानंतर मी ब्रुअरीत आले नाही, त्याला तुम्ही कधी नाव दिलं नाहीत, मीही दिलं नाही. गुडघा, थंडी, बस, काहीही सांगितलं. मागच्या वसंतात मी निघाले होते. तुमच्या गल्लीच्या तोंडाशी उतरले. तुम्ही त्या दिवशी धान्य शिजवत असणार, वास कोपऱ्यापर्यंत आला होता. ओल्या धान्याचा, गरम, गोडसर. मी तिथे औषधाच्या दुकानापाशी थोडा वेळ उभी राहिले आणि समोरून आलेल्या परतीच्या बसमध्ये बसले. धाकटी मागे फोनवर म्हणाली होती की दादांचे रबरी बूट अजून दाराशीच आहेत, तुम्ही कोणाला हलवू देत नाही. मला वाटलं, ते बूट रिकामे पाहिले की माझे पाय चालणार नाहीत.

पण कालपासून एक गोष्ट मनातून जात नाही. मी घरात बसून लाल जपत होते, बुटांच्या कपाटात, आणि ती पुठ्ठा झाली. तुम्ही तिकडे ती खेपेमागून खेप करत राहिलात, लोक ग्लास अर्धा ठेवून उठत असताना, फक्त दादाने सांगितलं होतं म्हणून. दोघांपैकी जपली कोणी?

म्हणून आकडा पाठवत नाही. शेवटची लाल तुम्ही ज्या दिवशी घालणार असाल, तो दिवस मला कळवा. मी येते. काळ्या बार्लीच्या पोत्याला हात लावू नका. वल्हं तुम्ही धरा, माझ्या गुडघ्याला ते झेपणार नाही. मी पाचही मुठी आधी काट्यावर टाकेन, मग पिंपात, म्हणजे माझ्यामागे कोणाला तांदळाच्या डब्यापाशी असं उभं राहावं लागणार नाही. काटा ह्यांना आवडला नसता. पण भात सांडणाऱ्या माणसाने मापाबद्दल बोलू नये.

बूट दाराशी असू देत. मी बघेन. थोडा वेळ लागला तर तुम्ही आणि धाकटी आत कामाला लागा, माझ्यापाशी उभं राहू नका.

ती शेवटची असेल का, हे आपण ती पिऊन, गप्प बसून, मग ठरवू. मला वाटतं नसेल.

आणि वेळ आली की "वहिनी, टाकता का?" असं हळू विचारत बसू नका. पिंपाच्या आवाजात मला ऐकू येत नाही. मोठ्याने ओरडा, "टाक!" त्या एका शब्दापुरता तुमचा अहो-जाहो माफ.

आपली,
वहिनी