तिसऱ्या गोळीची चक्कर

१२ सप्टेंबर १९८४
ह्यांच्या रक्तात मलेरिया निघाला. सरकारी हिवतापवाला घरी येऊन गोळ्या देऊन गेला. पाच दिवसांच्या, ताप उतरला तरी पुऱ्या करायच्या. मी मोजून डबीत ठेवल्या. हे म्हणाले, "बाई, मी तुमच्या वर्गात नाही." तरी रोज मीच देणार.

१४ सप्टें.
तिसरी गोळी. उठताना भिंत धरतात. "चक्कर येत्ये गं." तापाचा अशक्तपणा असेल. गोळी दिली.

१६ सप्टें.
पाचवी. नको म्हणत होते, दिलीच. संध्याकाळी डोळे पिवळे, लघवी कोऱ्या चहासारखी. सासूबाई: "कावीळच ती गो. डॉक्टराकडे काय औषध असतंय हिला?" तेल-मीठ बंद. नुसती पेज.

१७ सप्टें.
शेजारच्या गावी कावीळ उतरवायला. तिथल्या बाईने ह्यांच्या हातांना कसल्याशा सालीचा रस चोळला, चुन्याच्या निवळीत हात धुतले. पाणी पिवळं. सासूबाई रडायलाच लागल्या, "बघ, केवढी निघाली!" तो रस चोळला तर माझ्या हातांचंही पाणी पिवळं होईल. मी शाळेत रसायन शिकवते. गप्प राहिले. सासूबाईंसाठी, की मलाही ते खरं वाटायला हवं होतं?
येताना हे एस.टी.च्या पायरीवर कोसळले.

१८ सप्टें.
दवाखान्यात दाखल. बिलिरुबिन सात, हिमोग्लोबिन साडेपाच. डॉक्टर म्हणाले, लिव्हरची सूज, पित्ताचा खडा, नाहीतर रक्तच फुटतंय, म्हणजे त्यातल्या तांबड्या पेशी. नुसत्या काविळीत हिमोग्लोबिन इतकं उतरत नाही.
"चक्कर कधीपासून?"
सासूबाई: "पेजेवर ठेवला तेव्हापासून."
मीही होकाराची मान हलवली. घरी येऊन ही वही उघडली. पेज १६ला. चक्कर १४ला.

१९ सप्टें.
सकाळीच डॉक्टरांना वही दाखवली. "काल गोळ्यांचं का नाही बोललात?" सरकारी गोळी, औषधात धरलीच नव्हती, म्हटलं. हे पूर्ण खरं नाही.
डॉक्टर म्हणाले, काहींच्या रक्ताला ही गोळी सोसत नाही, जन्मापासूनच. त्याची तपासणी मुंबईला. मलेरियानेही रक्त फुटू शकतं. मलेरियानेच फुटलेलं निघावं, मी दिलेल्या गोळीने नको, असं वाटतं. लिहिताना लाज वाटते.

२० सप्टें.
रक्ताची एक बाटली चढवली. ह्यांना सगळं सांगितलं.  म्हणाले, "पाचवी तरी चुकवू द्यायचीस."
दुसऱ्या बाटलीसाठी माझं रक्त जुळलं. "तुझं? म्हणजे आता मलाही वह्या तपासाव्या लागणार." हसले, तेवढ्यानेच धाप लागली.
लघवी अजून काळीच. हिमोग्लोबिन उद्या सकाळी पुन्हा तपासणार.