दोन सड वासराचे

तांडा, डोंगरकडा

प्रिय शितल,

पत्र बघून घाबरू नकोस. सगळे जागच्या जागी आहोत आणि तुझ्या भावाचा आवाज अजूनही पलीकडच्या तांड्यापर्यंत जातो. पण फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस. "निलम, ऐक," म्हणतेस आणि नाशिकच्या तुझ्या दवाखान्यातल्या पेशंटला सांगावं तशी सांगत सुटतेस. शिवाय फोन घ्यावा तर तुझे बापू शेजारीच बसलेले. त्यांच्यासमोर त्यांच्याबद्दल बोलायचं म्हणजे जीभ जड होते. कळमनुरीच्या वसतिगृहात आपण एका खोलीत राहायचो आणि तरी सुट्टीत एकमेकींना पत्रं लिहायचो. माझ्या पत्रातल्या चुका तू लाल पेनानं दुरुस्त करून परत पाठवायचीस. पुढे तुझ्याच भावाशी लग्न करून मी तुझी वहिनी झाले, तरी तुझी ती खोड गेली नाही. हे पत्र दुरुस्त करू नकोस. शेवटपर्यंत वाच, एवढंच.

मागच्या रविवारी मी तुझा फोन मध्येच ठेवला, त्याचा राग आला असेल. तू म्हणालीस, "बापूंना आता कुठं काय आठवतं? वजन किती उतरलंय बघ. गाईचं दूध दे त्यांना, त्यांना कळणारसुद्धा नाही." तुझ्या भावाचं, रणजीतचंही तेच. हिंगोलीचे डॉक्टरही म्हणाले, मागतात ते द्या. तिघंही शहाणे आणि मी एकटीच आडमुठी. पण मी नाही दिलं. का नाही दिलं हे मी आजवर कुणाला सांगितलं नाही. बापूंनी मला बोलू दिलं नव्हतं.

आधी तुला एका गोष्टीची आठवण करून देते, कारण त्यात तुझाही वाटा आहे. तुझ्या सगाईच्या उन्हाळ्यात बापूंनी एका सकाळी चहाचा कप पालथा घातला. दूध नाही, दही नाही, तूप नाही. मटण तर माळ घातल्यापासून बंदच होतं. मध दिला तर म्हणाले, "त्येबी त्येंच्या लेकराचंच असंल." तांड्यात सगळ्यांनी टिंगल केली. ज्यांच्या बापजाद्यांनी बैलांच्या पाठीवर मीठ वाहिलं, ज्यांच्या दारात कायम गाय, त्या पुनमचंदनं दूध सोडावं! कुणी म्हणालं औंढ्याला नागनाथापुढे बोलून आले असतील. तू फोनवर म्हणालीस की याला व्हिगन म्हणतात, शहरात लोक हौसेनं करतात. बापू म्हणाले, "नाव काय का असंना, पोटाला काय घालू ते सांग म्हणा तिला."

आणि तू सांगितलंस, दुधाच्या जागी सोयाबीन, शेंगदाणे. बापू बिचारे मूठमूठ शेंगदाणे खाऊ लागले. थोड्याच दिवसांत ओठ सुजले, अंगभर गांधी उठल्या, श्वास लागला. रणजीतनं मोटारसायकलवर मध्ये बसवून, मागून शेजारच्या ग्यानबानं धरून त्यांना कळमनुरीला नेलं. मग हिंगोलीला तपासण्या झाल्या आणि कळलं, शेंगदाणा चालत नाही आणि सोयाबीनही नाही. शेतभर सोयाबीन उभं आणि घरधन्याला त्यातला एक दाणा चालत नाही. तेव्हा आपण दोघी फोनवर किती हसलो होतो गं. नंतर मी चुलीपाशी बसून रडले, ते तुला सांगितलं नव्हतं.

कारण आपल्याकडे कूट नाही अशी भाजी दाखव मला. वांग्यात कूट, भेंडीत कूट, उपासाला तर कुटाशिवाय काही शिजतच नाही. मी वेगळा तवा केला, वेगळा खलबत्ता, मिक्सरचं वेगळं भांडं, आणि घरात करडईचं तेल आणलं. तू शिकवत गेलीस, मी करत गेले. भाकरीबरोबर तुरीचं नाहीतर मुगाचं घट्ट वरण. कुटाच्या जागी कारळाची चटणी, जवसाची चटणी. हाडांसाठी तीळ, राजगिऱ्याची भाजी, शेवग्याचा पाला, आणि पाल्यावर लिंबू पिळायचंच, नाहीतर लोह अंगी लागत नाही. एक गोळी तेवढी दवाखान्यातली, कारण तू म्हणालीस की ते जीवनसत्त्व पाल्यात मिळत नाही, कितीही खाल्ला तरी. रोज दुपारी मी ताटाचा फोटो पाठवायचे आणि तुझं उत्तर यायचं, "हिरवं कुठे आहे?" सासूनं काढल्या नसतील एवढ्या चुका तू माझ्या स्वयंपाकात काढल्यास. पण बापू ठणठणीत झाले. हळद काढायला गड्यांच्या बरोबरीनं वाफ्यात बसायचे. तू माहेरी आलीस तेव्हा म्हणाले होते ना, "लेकीनं वाढलं अन् सुनेनं रांधलं, मी निस्ता खाऊन राहिलो." त्या दिवशी मला माझाच अभिमान वाटला होता.

मग विसरणं सुरू झालं. आधी मोटार बंद करायचं विसरले, मग शेताची वाट, मग स्वतःच्या बायकोचं, आपल्या याडीचं नाव. याडी म्हणाली, "माझं नाव इसरले तर इसरले, पोटाचं इसरू नये." पण तेही झालं. एका सकाळी त्यांनी कपात बघितलं आणि विचारलं, "चहा असा काळा काहून? दूध संपलं का?"  एवढी वर्षं मी ज्याची राखण केली ते त्यांच्या मनातून पुसून गेलं होतं. नरसीला दर्शनाला नेलं तेव्हा दुकानावरची चिक्की त्यांनी कधी उचलली कळलंसुद्धा नाही, आणि परत येईपर्यंत ओठ सुजले. अंगाला शेंगदाणा अजून आठवत होता. मनाला पालथा घातलेला कप आठवत नव्हता.

ते रोज दूध मागायला लागले, लहान लेकरासारखं. दिलं नाही तर जेवायचं सोडायचे. मग मी पांढरे तीळ भिजवले, थोडं ओलं खोबरं घातलं, वाटून फडक्यातून गाळलं, गूळ आणि घरची हळद घालून कोमट केलं. बापूंनी कप हातात घेऊन विचारलं, "तांबडीचं हाय?" तांबडी गाय जाऊन किती काळ झाला. गोठ्यात आता रणजीतची मोटारसायकल उभी असते. मी म्हणाले, "व्हय बापू, तांबडीचंच." ते प्यायले. तेव्हापासून मी रोज खोटं बोलते. रणजीत मला म्हणाला, "खोटंच बोलायचं तर खरं दूध तरी पाज की!" बोलणं बरोबर होतं. म्हणूनच मी त्याच्याशी भांडले.

आणि एक गोष्ट तू फोनवर ऐकली आहेस. दिवस कलला की ते दाराकडे बघून विचारतात, "पाव्हणे गेले का?" तू मला विचारलंस, कुठले पाहुणे? मी म्हणाले, कोण जाणे. पण याडीनं ते ऐकलं की ती ओढणी तोंडावर घेऊन बाहेर निघून जाते. तिला माहीत आहे. मलाही माहीत आहे. शितल, ते तुझ्या सगाईचे पाहुणे आहेत.

तुला सगाईतलं काय आठवणार? तू नवी साडी सावरत होतीस. पुसदकडची मंडळी एका दिवसासाठी आली आणि बोलणी लांबली म्हणून आठवडाभर मुक्कामाला राहिली. कुणाचीच चूक नव्हती. तांबडी नुकतीच व्यालेली. बापूंचा नेम तुला ठाऊक आहे, दोन सड माणसांचे, दोन सड वासराचे. पण तेवढी माणसं, सारखा चहा, आणि लेकीच्या सासरचे. दूध कमी पडलं तर शोभा होईल म्हणून याडीनं घाई केली, आणि बापूंनी चारही सड काढले. वासराला दाव्याला बांधून ठेवलं. ते हंबरायचं, तेव्हा बापू म्हणायचे, "पाव्हणे जाऊ दे रे राजा, मंग तुलाच हाय समदं." पाहुणे गेले नाहीत. वासरू गेलं. आधीच अशक्त होतं, त्यात उन्हाळा.

 वासरू गेल्यावर तांबडी दूध द्यायला तयार होईना आणि पाहुणे तर घरातच. मग आपल्याकडे करतात तेच केलं. वासराच्या कातड्यात भुसकट भरून, शिवून, ते तिच्यापुढे उभं केलं. तांबडीनं ते हुंगलं. मग चाटायला लागली. आणि तिनं पान्हा सोडला. बापू खाली बसून धार काढत होते आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं. मी भांडं धरून उभी होते, मी बघितलं. त्या दुधाचा चहा मीच पाहुण्यांना नेऊन दिला, तुलाही दिला. पाहुणे गेले त्याच दिवशी बापूंनी ते भुसकटाचं वासरू बांधावर पुरलं आणि घरी येऊन कप पालथा घातला. मला म्हणाले, "शितलला कळू देऊ नको. तिच्या सुखात खडा नको."

आता तूच सांग, मी त्यांना दूध कसं देऊ? त्यांनी सोडलेलं त्यांच्या पाठीमागून त्यांच्या तोंडात कसं घालू? पण मग तिळाचा कप हातात घेतला की मला दुसरंच टोचायचं. मीसुद्धा त्यांच्यापुढे भुसकटाचं वासरूच उभं करत होते की. त्या गाईला फसवलं म्हणून ज्या माणसानं दूध सोडलं, त्यालाच मी तसं फसवत होते.

परवा दुपारी नेहमीसारखा कप नेला. बापू कडुनिंबाखाली बाजेवर पडून होते. उठवून बसवलं. त्यांनी कप नाकाशी नेला आणि माझ्याकडे बघितलं. किती महिन्यांनी त्यांची नजर ओळखीची होती. म्हणाले, "निलम, हे तांबडीचं न्हाई." माझं नाव घेतलं गं.  मी म्हणाले, "न्हाई बापू. तिळाचं हाय. मी खोटं बोलत व्हते." त्यांनी कपात बघितलं. मग म्हणाले, "तांबडीलाबी कळत व्हतं, पोरी. भुसकट अन् लेकरू तिला कळत नसंल का? आमी तकलीफमध्ये हाय, हे बघून पान्हा सोडला तिनं." आणि सगळा कप प्यायले. मी किती रडले ते विचारू नकोस. माझा हात हातात घेऊन ते बसून राहिले. आणि दिवस कलला तशी नजर पुन्हा हरवली. दाराकडे बघून विचारलं, "पाव्हणे गेले का?"

त्यानंतर त्यांनी काही मागितलेलं नाही. दूधही नाही. वरणाचं पाणी चमच्यानं देते, थोडं जातं, बाकी ओघळतं. डॉक्टरांनी सांगितलं, आता घरीच ठेवा. म्हणून हे पत्र. ते हाती पडेल तशी निघ. दूध द्यायचं की नाही, यावर आता भांडू नकोस, तो प्रश्न त्यांनीच मिटवला. पण दुसरा त्यांना सोडत नाही. "पाव्हणे गेले, बापू," असं मी रोज सांगते, रणजीतही सांगतो. त्यांना पटत नाही. मान हलवतात आणि पुन्हा दाराकडे बघतात. ज्या लेकीसाठी पाहुणे आले होते, तिनं सांगितलं तर कदाचित पटेल. येताना पेढे-बिढे काही आणू नकोस. चप्पल काढलीस की आधी त्यांच्या बाजेपाशी जा, कानाशी तोंड ने आणि सांग, "पाव्हणे गेले बापू. आता वासरू सोडा."

वाट बघते आहे,

तुझीच,
निलम