याडीचा उजवा डोळा

मी बादल भावसिंग राठोड, वय सत्तावीस, शिक्षण सातवी, मूळ तांडा ता. दिग्रस, जि. यवतमाळ, सध्या हैदराबाद. डोकं ठिकाणावर आहे, दारू घेतलेली नाही, कोणी धाक दाखवलेला नाही. उंच इमारतींना बाहेरून काचा बसवतो. मागच्या महिन्यात चौदाव्या मजल्यावर दोर सटकला, पट्ट्यानं वाचलो. म्हणून हे लिहून ठेवून राह्यलो.

१. तांड्यातलं घर आणि बँकेतली शिल्लक माझ्या याडीची, म्हणजे आई लालीबाईची.

२. मोटरसायकल बहीण रंजिताची. भाऊजींनी तिला शिकवावी, स्वतःच फिरवू नये.

३. हत्यारं माझ्या जागी दोरावर चढेल त्याला. पट्टा मात्र त्यानं नवा घ्यावा.

४. मोबाईल चुलतभाऊ अक्षयला. त्याच्याशी चार वर्षं बोललो नाही. चूक त्याच्याइतकीच माझी होती.

५. माझे दोन्ही डोळे दान द्यावेत. मेल्यावर सहा तासांत काढावे लागतात, आणि कागद केला तरी घरच्यांचं 'हो' विचारतात. डोळे दिले तर पुढच्या जन्मी आंधळा होतो, असं याडी म्हणते. म्हणून हे कलम लांब आहे.

दिग्रसच्या जिनिंगच्या शेडमध्ये दर हिवाळ्यात डोळ्यांचं शिबिर भरायचं. बायका हिरव्या पट्ट्या लावून ओळीनं बसायच्या, केसांत कापूस. धर्मपाल डॉक्टर सगळ्यांना सांगायचे, "मेल्यावर डोळे देऊन जा." २०२०च्या शिबिरात याडीचा डावा मोतीबिंदू काढला. पट्टी सुटल्यावर माझ्याकडे पाहून म्हणाली, "इतका कायाकुट्ट कधी झाला रे?" डॉक्टर पोट धरून हसले.

उजवा डोळा एप्रिलमध्ये करायचा होता. कोरोना आला, ऑपरेशनं बंद, डोळ्याच्या डॉक्टरला तापाच्या वॉर्डात लावलं. पोळ्यानंतर त्यांचा फोन आला, "मोतीबिंदू पिकला, आता थांबता येत नाही. मीच जीप घेऊन येतो." ऑपरेशननंतर महिनाभर डोक्यावरून पाणी घेता येत नाही, म्हणून याडी सकाळीच केस धुवून पिशवी घेऊन बसली.

तांड्यानं वाट बंद केली होती. अक्षयनं बाभळीच्या फांद्या ओढल्या, तोडल्या मी. जीप काट्यांपाशी थांबली.

"बादल, मायले इथवर आण. मी आत येत नाही."

"साहेब, तुम्ही तापाच्या वॉर्डातले. जा परत."

त्यांनी जीप वळवली आणि गेले.

घरी याडीनं विचारलं, "आली का रे गाडी?"

"नाही आली."

पंधरा दिवसांत डोळा लाल झाला, फुटला, गेला. पुढच्या उन्हाळ्यात डॉक्टर कोरोनानंच गेले. त्या आजारामुळे त्यांचे डोळे कोणी घेतले नाहीत.

याडी, गाडी आली होती.

६. रंजिता, हा कागद पेटीत ठेवू नको. हातात पडेल त्याच दिवशी याडीला मोठ्यानं वाच, पाचवं कलम गाळू नको. याडी, शिव्या दे, घर नको म्हण, पण डोळ्यांना नाही म्हणू नको. रविवारी मी कामावर जात नाही. फोन घेऊन बसतो.

सही माझ्या हातची: बादल भावसिंग राठोड

सही करताना समोर होते, दोघंही माझ्यासोबत दोरावर असतात:
१) लखन
२) कपिल

हैदराबाद, बुधवार, १४ ऑगस्ट २०२४