सहावा मुद्दा

प्रिय ढब्या,

विधानसभेच्या उमेदवाराला ढब्या म्हणू नये, हे मला कळतं. पण चौकातल्या पोस्टरवर तू पोट आत ओढून उभा आहेस, ते पाहिल्यापासून दुसरं नाव तोंडात येत नाही. फोनच केला असता, पण हल्ली तुझा फोन प्रचारप्रमुख उचलतो आणि साहेब बैठकीत असल्याचं ऐकवतो. म्हणून हे पत्र तुझ्या फरशीच्या दुकानातल्या म्हाताऱ्या हिशेबनीसांकडे देते आहे. ते फक्त तुझ्याच हातात देतील. दार लावून, एकट्याने वाच.

तुझं पत्रक मी दोनदा वाचलं. ताईला राजकारणातलं काय कळतं, असं म्हणू नकोस. तुझ्याबद्दल कळतं, तेवढं पुरे आहे. लहान दुकानांवरचा कर कमी करा, हा मुद्दा तुझाच. कचेऱ्यांचे उंबरठे तू स्वतः झिजवले आहेस. शाळेजवळ दारूचं दुकान नको, हेही मनापासूनचं. सरकारने लोकांच्या घरात नाक खुपसू नये, हा तिसरा मुद्दा वाचून तर मी मान डोलावली. आणि मग सहावा आला. घटस्फोटाचा अर्ज करण्याआधी नवरा-बायकोने वर्षभर एका छताखाली राहिलंच पाहिजे, आणि घर सोडून आलेल्या बाईला थारा देणाऱ्या नातेवाइकांना दंड. म्हणजे तिसऱ्या मुद्द्यात ज्या सरकारला दाराबाहेर काढलंस, त्याला सहाव्यात थेट शेजघरात नेऊन बसवलंस. इथे कुठेतरी पाणी मुरतंय, ढब्या. मला एवढंच सांग, हा मुद्दा तुझा आहे की कुणी तुझ्या तोंडी दिला आहे?

माझा स्वभावच संशयी, हे मान्य. दुधात पाणी नसलं तरी ही शोधून काढेल, असं आई म्हणायची. त्यातून चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायची नोकरी. लोक काय काय करतात! गाडीचा परवाना हवा असतो, नंबर वाढलेला असतो, मग बाकावर बसल्या बसल्या भिंतीवरचा अक्षरांचा तक्ता पाठ करतात आणि खुर्चीत बसले की शेवटची ओळ घडाघडा म्हणून दाखवतात. मी नुसता तक्ता बदलते. मंगळवारच्या सभेत मी मागे, खांबाला टेकून उभी होते. कराबद्दल बोलताना तू अडखळत होतास, हात नाचवत होतास, मध्येच विसरून हसलास. कुटुंबावर आलास आणि एकदम घडाघडा सुरू झालास. एकदाही समोर बघितलं नाहीस. मला तेव्हाच वाटलं, याने तक्ता पाठ केलाय.

तुला आठवतं ना, मी नवऱ्याचं घर सोडलं ते? तू भर दुपारी दुकानाचा टेम्पो घेऊन आलास, माझी बॅग फरशांच्या खोक्यांवर टाकलीस आणि मला पुढे बसवलंस. एक प्रश्न विचारला नाहीस. वाटेत तूच असा रडायला लागलास की मलाच सांगावं लागलं, बाबा रे, समोर बघून चालव, त्याच्या हातून वाचले ती तुझ्या हातून मरायची नाही. पुढे तुझ्या घरातली मागची खोली माझी झाली. माझ्या मनासारखं बिऱ्हाड मिळेपर्यंत तुझ्या बायकोनेही कधी तोंड वाकडं केलं नाही. तुमचे उपकार मी विसरलेली नाही. पण तुझ्या सहाव्या मुद्द्याने पहिला दंड तुलाच बसला असता. आणि मी त्या घरात आणखी वर्ष काढलं असतं, तर आज हे पत्र लिहायला उरले नसते. हे तुला माहीत आहे. म्हणून तर राग येतो.

परवा तू स्वतः फोन केलास. इतक्या महिन्यांनी भाऊ आठवण काढतो म्हणून मी हुरळले. पण तू तब्येत विचारलीस, आणि लगेच मी घरात एकटीच आहे ना, असं विचारलंस. मग म्हणालास, मतदान होईपर्यंत मैत्रिणीकडे समुद्रावर राहून ये, खर्च मी करतो. मला वाटलं, घटस्फोटित बहीण अडचणीची झाली, तिला लपवतोय. वाईट वाटलं रे, फार. दुसऱ्या दिवशी तुझ्या कार्यालयातला माणूस फळांची करंडी घेऊन हजर. करंडी माझ्या हातात, पण त्याचे डोळे दारातल्या चपलांवर आणि गॅलरीत वाळत घातलेल्या कपड्यांवर. मी त्याला पाणीसुद्धा न विचारता वाटेला लावलं. तेव्हा कुठे माझ्या मनात पाल चुकचुकली, की हा शोध माझा नाही.

तर ऐक. भिंगरी माझ्याकडे आहे. तुझी लेक गेल्या आठवड्यापासून माझ्या बिछान्यावर, भिंतीकडे तोंड करून झोपते आहे. डाव्या डोळ्यात रक्त उतरलंय. कपाटाचं दार लागलं म्हणाली; मी दुकानात नेऊन डोळा तपासला आणि पुढे काही विचारलं नाही, मग तिनेच सगळं सांगितलं. जावयाचे वडील तुझ्या व्यासपीठावर मधल्या खुर्चीत बसतात, हे तिलाही दिसतं. तुझं पत्रक तिनेच आणलं होतं, पर्समध्ये घडी करून. तिने तुला कळवू नको म्हणून मला शपथ घातली आहे आणि मी ती मोडते आहे, कारण काल तिने बॅग भरली. रविवारी ती परत नवऱ्याकडे जाणार आहे. बाबांना कुणी प्रश्न विचारायला नको, मतदान होईपर्यंत काढते कशीतरी, असं म्हणाली. माझं ती ऐकत नाही, ती फक्त तुझं ऐकेल. मला संशय आहे, ढब्या, की तुला हे सगळं आधीच माहीत आहे आणि तू ती परत जायचीच वाट पाहतो आहेस. जन्मभर माझे संशय खरे निघाले. एवढा एक खोटा पाड.

तुझीच,
ताई