येसूचं काम कुणाला द्यायचं

टीचर,

मला भीती वाटते आहे म्हणून लिहिते आहे, दुसरं काही कारण नाही. ईस्टरच्या आधीचा झावळ्यांचा रविवार जवळ आलाय आणि यंदा त्या दिवशीच्या दुःखभोगाच्या नाटकात येसूचं काम कोण करणार हे मला या रविवारी आमच्या चर्चच्या यूथ ग्रुपच्या पोरांना सांगायचंय. पोरं तेरा ते अठरा वयाची, हातात मोबाईल, अंगात मस्ती. शास्त्रातला म्हणजे बायबलातला अख्खा अध्याय वाचून दाखवला तर अर्धी जांभया देतात, पण ही निवड करायची वेळ आली की सगळी गप्प बसून माझ्या तोंडाकडे बघत राहतात. त्यांच्यात एक मुलगा आहे. त्याच्या शेजारी कोणी बसत नाही. त्याचा बाप खाणीच्या धुळीविरुद्ध उघडपणे बोलला, पुढे खाण बंद पडली आणि बाकीच्यांचे बाप घरी बसले. एका माणसाच्या बोलण्याने खाण बंद पडत नसते हे मोठ्यांना कळतं, पण कळून उपयोग काय? मुलगा मात्र दर रविवारी येतो, भिंतीला टेकून बसतो आणि मुकाट्याने पान उघडतो. तुम्ही असतात तर डोळ्याचं पातं न लववता त्याच्याकडे बोट दाखवलं असतंत. हे मला पक्कं ठाऊक आहे, आणि म्हणूनच गेले काही दिवस मी त्याचं नाव कागदावर लिहिते आणि खोडते.

तुम्ही हा ग्रुप माझ्या गळ्यात घातलात तो दिवस मला आठवतो. साखळी गावातलं तुमचं स्वयंपाकघर, करेज्माचे म्हणजे उपासाचे दिवस. तुम्ही बुटक्या स्टुलावर बसून सुका बांगडा भाजताय आणि घरभर तो वास भरलाय. कंबर गेल्यामुळे तुम्हाला पाळी गावची बस चढता येत नव्हती आणि पोरांना तर वाऱ्यावर सोडायचं नव्हतं. मी विशीतली, बाबा खाणीच्या वर्कशॉपात वेल्डर, आम्ही सावंतवाडीकडून आलेले. मी तुम्हाला म्हटलं, माका जमाचा नाय, माका पोरांचा भय वाटता. तुम्ही चिमट्याने बांगडा उलटलात आणि माझ्याकडे न बघता म्हणालात, "ज्येका भय वाटणा नाय, तेच्या हातात पोरां देव नये. तू भियातंस तां बरां. आता ह्यो उंडो खा आणि रडा नको." मी रडत नव्हते, पण तुम्ही म्हणालात म्हणून रडू आलं. तुमची बोलणी अशीच असायची, आधी टपली आणि मग हातात पाव.

तुमची शिकवायची रीतही तुमचीच. मिस्सा, म्हणजे रविवारची उपासना, कोंकणीत होई, पण आमची पोरं मराठी शाळेतली, त्यांना कोंकणी पुस्तकांतली रोमी म्हणजे रोमन अक्षरं लागत नव्हती. म्हणून तुम्ही त्यांना मराठीतलं शास्त्र वाचायला लावलंत. येसूच्या दुःखभोगाचा प्रसंग झावळ्यांच्या रविवारी कोपेलाच्या म्हणजे छोट्या चर्चच्या अंगणात पोरांनी करून दाखवायचा, तोही मराठीत. फक्त लोकांचं, म्हणजे येसूला क्रुसावर द्या म्हणून ओरडणाऱ्या घोळक्याचं बोलणं तेवढं पुस्तकातलं नको असा तुमचा हट्ट होता. "घोळको कधी पुस्तकातलां बोलता?" असं तुम्ही विचारायचात. "तुमी भांडताना कसे आरडतास, तसे आरडा." तेव्हा पोरं घरच्या बोलीत ओरडायची, "मारा तेका! सोडू नकात तेका!" आणि येसूच्या हाताला खरंखुरं सुंभ बांधायचं, कारण खोट्या दोरीला पोरं हसतात असं तुमचं म्हणणं. वर्षानुवर्षं हे असंच चाललं होतं आणि कुणाला काही झालं नव्हतं.

पण ते वर्ष वेगळं होतं. डिसेंबरात कोंकणी-मराठीच्या भांडणात रस्त्यावर झाडं आडवी पडली होती, बसच्या काचा फुटल्या होत्या. मग कोंकणी राजभाषेचा कायदा झाला, वेगळं राज्य होणार अशी बोलणी सुरू झाली. पेपरात सगळं शांत झालं, गावात नाही. आमच्यासारख्यांची तर पंचाईतच. बाजारात गेलं की आम्ही ख्रिस्ती, किरिस्तांव, म्हणून कोंकणीवाले, आणि कोपेलात मराठी शास्त्र उघडलं की आमचीच माणसं विचारत, "आमच्या देवळांत हे कित्याक?" शास्त्र खाकी कागदाच्या कव्हरात घालून मी बसने पाळीला जायची आणि कंडक्टरने काही विचारलं तरी छाती धडधडायची. आज हसू येतं. तेव्हा येत नव्हतं.

आणि त्या वर्षी तुम्ही येसू म्हणून निवडलात तो ट्रक ड्रायव्हरचा मुलगा. त्याचा बाप मराठीच्या मोर्चात चालला होता. आमच्यातला एकच माणूस गेला आणि तो सगळ्यांनी पाहिला. तेव्हापासून त्याच्या आईशी कोपेलात कोणी धड बोलेना, पोरं मुलाला 'मोर्चेवालो' म्हणू लागली. मी तुम्हाला सांगितलं, टीचर, तेका नको, पोरां तेच्यार जळतत. तुम्ही म्हणालात, "म्हणानच तो. तेंका तेच्याकडे बघूक लागतलां." बास. पुढे बोलायची माझी काय बिशाद.

ती तालमीची रविवारची दुपार मी अजून स्वप्नात बघते. कोपेलामागची पत्र्याची शेड, उकाडा, खाणीची लाल धूळ सगळ्यांच्या पायांवर. मुलगा मधे उभा, हात सुंभाने बांधलेले. मी पिलाताची, म्हणजे येसूचा न्याय करणाऱ्या सुभेदाराची, वाक्यं वाचते आहे, कारण पिलात व्हायला कोणी तयार नव्हतं. माझं वाचून होतं आणि पोरं ओरडतात. पहिल्यांदा हसत हसत. मी म्हणते, पुन्हा, नीट. दुसऱ्यांदा बरं जमतं. तिसऱ्यांदा काहीतरी होतं, टीचर. काय होतं ते मला अजून नीट सांगता येत नाही. आवाज एक होतो. वेगवेगळी पोरं ओळखू येईनाशी होतात. ती त्याच्याभोवती आवळत जातात, कोणीतरी त्याला ढकलतं, तो गुडघ्यावर पडतो. मी पुढचं वाक्य वाचते, पण माझी वाट कोणी बघत नाहीये. "मारा तेका! सोडू नकात तेका!" मी थांबा म्हणते. माझा आवाज मलाच ऐकू येत नाही. एका पोरीचा चेहरा मला दिसतो. ही घरी कोंबडी कापताना डोळे मिटून घेणारी पोर, आणि तिच्या मानेच्या शिरा ताठ झाल्यात, डोळ्यांत पाणी आलंय, आणि ती ओरडते आहे. हात लावला तर ही पोरं मलाही आत ओढतील असं मला खरंच वाटलं.

तेवढ्यात शेडच्या तोंडाशी माणसं आली. रस्त्यावरच्या हॉटेलवाल्याने आरडाओरडा ऐकला होता आणि चहा पीत बसलेल्या ट्रकवाल्यांना घेऊन तो धावत आला होता. कुणाच्या हातात टॉमी म्हणजे ट्रकचं चाक खोलायची पहार, कुणाच्या हातात फळकूट. त्या दिवसांत दुसरं काय वाटणार? कोपेलामागे घोळक्याने कुणाला तरी धरलंय आणि मारतायत. आणि आत येऊन बघतात तर खरंच एक पोरगा हात बांधून जमिनीवर पडलेला. पोरं गप्प झाली. आता हे आम्हाला झोडपणार, उद्या आमची माणसं यांना झोडपणार आणि परवा कोपेल जळणार, हे सगळं माझ्या डोळ्यांसमोरून झरकन गेलं.

हॉटेलवाला वयस्क माणूस, दोडामार्गकडचा. त्याने पोरांकडे बघितलं.

"कोणाक मारतास रे?"

शेवटी ती शिरा ताणून ओरडणारी पोर बोलली, अगदी हळू.

"येसूक."

त्याला काय कळलं कोण जाणे. तो चेष्टा करत नव्हता, खरंच विचारत होता. "तेणां काय केल्यान?"

"काय नाय."

"मगे मारतास कित्याक?"

टीचर, इतकी वर्षं मी हा अध्याय शिकवते आहे, हा प्रश्न मला इतक्या सरळपणे कोणी विचारलेला नाही. पोरं माझ्याकडे बघायला लागली. मी पायाखालच्या धुळीकडे. तो म्हणाला, "मगे सोडा तेका," आणि टॉमीवाल्याला त्याने मागे जायची खूण केली.

मी गाठ सोडायला बसले तर गाठ सुटेना. इतकी करकचून बांधली होती की मनगटं सुजून लाल झालेली. मुलगा हुंदके देत होता. त्याने मला सांगितलं की तो मघापासून म्हणत होता, दुखता, सोडा. सगळ्यांना वाटलं, येसूचं काम करतोय. मलाही तेच वाटलं होतं. हॉटेलवाल्याने सगळ्यांना चहा पाजला आणि जाताना मला बाजूला घेऊन म्हणाला, "बाय, ह्या दिसांत असले खेळ करू नकात." तो खेळ नव्हता हे त्याला कसं सांगू? पण आणखी एक गोष्ट आहे. मी सगळ्यांना सांगत आले की टॉमीवाली माणसं बघून मी घाबरले. घाबरले, पण त्याच्या आधी क्षणभर मला हायसं वाटलं होतं. कोणीतरी आलं होतं.

संध्याकाळच्या बसने मी तडक तुमच्याकडे आले. तुम्ही तांदूळ निवडत होतात. मी सगळं सांगितलं, मनगटांसकट. तुमचा हात थांबला नाही. तुम्ही एवढंच विचारलंत, "तो परत येतलो?" मी म्हटलं, माका काय म्हायत. "येतलो," तुम्ही म्हणालात. "सुंभ बांधू नकात. बाकी सगळां तसांच करा." मला तुमचा राग आला. एवढं होऊनही ह्या बाईचा जीव कळवळत नाही, असं वाटलं. तुमच्या तोंडावर काय होतं ते बघायचं मी टाळलं, सुपातल्या तांदळांकडे बघत बसले.

तो आला. आईने नको म्हटलं होतं, बापाने तर दम दिला होता, तरी झावळ्यांच्या रविवारी तो अंगणात उभा राहिला, लांब बाह्यांचा शर्ट घालून. माणसं जमली होती, कुंपणाबाहेर हॉटेलवालाही उभा होता. मी पिलाताचं वाक्य वाचलं. आता लोकांनी ओरडायचं. आणि पोरांच्या तोंडून आवाज निघेना. सगळी मान खाली घालून उभी. मी पुन्हा वाचलं. माणसं कुजबुजायला लागली, फादर खुर्चीत पुढे सरकले. ती पोर रडायच्या बेताला आली होती. मला वाटलं, संपलं, इथून ही पोरं आता घरी जातील आणि परत यायची नाहीत.

मग पहिला आवाज आला तो त्याचा. येसूचा. तो ओरडला नाही, नुसतं म्हणाला, "मारा तेका." आणि पोरांकडे बघत राहिला. पुन्हा म्हणाला. तेव्हा एकेक करून बाकीची बोलू लागली, अगदी हलक्या आवाजात, प्रत्येकाचा आवाज ओळखू येत होता. कुंपणाबाहेरच्या हॉटेलवाल्याने डोक्यावरची टोपी काढली. लोक म्हणाले, वा, काय बसवलंय!

ती सगळी पोरं टिकली. पुढे त्यातल्या दोघांनी त्या मुलाच्या लग्नात येऊन ढोल वाजवला आणि ती पोर त्याच्या थोरल्या मुलीची मादरीन म्हणजे धर्ममाता झाली. ही गोष्ट मी दर वर्षी नव्या पोरांना सांगते आणि शेवटी म्हणते, बघा, ह्याला क्षमा म्हणतात. पण टीचर, मी त्याच्या समोर उभी होते. त्याच्या तोंडावर जे होतं ते क्षमाच होतं, अशी शपथ माझ्याने घेववत नाही. त्यांना ओरडू देणारा तो होता, त्या क्षणी ती सगळी त्याच्या हातात होती, आणि ते त्यालाही कळलं होतं.

पावसाळा संपता संपता तुम्ही गेलात. त्याआधी कितीतरी संध्याकाळी मी तुमच्या त्या स्वयंपाकघरात बसले. तुमचे पाय चेपले, तुम्हाला पेज भरवली, राज्य झालं त्याच्या बातम्या वाचून दाखवल्या. एक प्रश्न मात्र जिभेवर येऊन परत जायचा. त्या मुलाला निवडलंत तेव्हा असं काही होईल हे तुम्हाला माहीत होतं का?

आज त्या उत्तराची मला गरज आहे. माहीत होतं असेल, तर मी भिंतीला टेकून बसणाऱ्या त्या पोराचं नाव घेणार नाही. कोणाचं लेकरू जाणूनबुजून त्यात लोटायची माझी छाती नाही. आणि माहीत नव्हतं असेल, तर तुम्हीही माझ्यासारख्याच अंधारात चाचपडत होतात, आणि मग मी कुणाच्या भरवशावर इतकी वर्षं पोरांपुढे उभी राहिले? पत्र पाठवायला पत्ता नाही हे बरंच आहे. तुम्ही समोर होतात तेव्हाही मी विचारलं नाही, ते तुम्हाला दमवायचं नव्हतं म्हणून नव्हे. तुम्ही हो म्हणाल अशी मला भीती वाटत होती.