भिकुबाई नाचल्या तेव्हा

सावदा

ती. आईस,

वृषालीचा वाकून नमस्कार. मी बरी आहे. डबा घरगुती मिळतो, जेवणाची काळजी करू नकोस. घराला रंग देऊन झाला का?

पत्र लिहायला बसते आणि उठते, असं सकाळपासून चाललंय. जीव थाऱ्यावर नाही.

काल केळीचा ट्रक आलाच नाही. पॅकिंगच्या बाया शेडमध्ये रिकाम्या बसल्या होत्या. कुणीतरी मोबाइलवर लग्नाची गाणी लावली आणि आमच्या भिकुबाई उठल्या. धुळ्याकडच्या आहेत, साठीच्या. नवरा गेल्याला वर्षही झालं नाही. पदर खोचून अशा नाचल्या, की हमाल क्रेट बडवून ताल धरायला लागले. एकजण बोललीच, "मावशी, लोक काय म्हणतील?"

नाचता नाचताच त्या म्हणाल्या, "पाय मना शेतस, लोकेसना नही!"

खरंच की, पाय त्यांचे, लोकांचे थोडेच आहेत! मग मीही ऑफिसातून उठून त्यांच्यात गेले. खूप हसलो गं. आणि एकदम तू आठवलीस. भडगावात तुझ्याशिवाय कुणाची हळद रंगत नसे. आबा गेले आणि तू दारातून वरात बघणंसुद्धा सोडलंस.

प्रशील फोनवर सांगत होता, "ताई, माझ्या लग्नाच्या हळदीला आई आतच बसणार आहे." हे तुझ्या मनाने, की काकूंनी सांगितलं म्हणून? खरं कळव. त्याशिवाय मला चैन पडायचं नाही.

वाजंत्री दारात आली की मी तुला न्यायला आत येईन. तुला नकोच असेल तर ओढणार नाही. पण कुणाला भिऊन नको म्हणू नकोस.

तुझीच,
वृषाली